मतदारांची यादी व खातेदार शेतकरी

सातबाऱ्याच्या उताऱ्याविषयीं आमचा शेतकरी जितका दक्ष असतो तितका तो दुसऱ्या कोणत्याहि सरकारी कागदाविषयीं नसतो. इतर हक्कांत एखादा बोजा चढला, पिकाच्या रकान्यांत भाताऐवजीं गवत पडलें, किंवा बापाच्या मागें वारसांची नोंद होतांना एका भावाचें नांव राहिलें, तर तो आवणी सोडून तालुक्याला जातो आणि फेरफार मंजूर होईपर्यंत कचेरीचे उंबरे झिजवितो. हें योग्यच आहे. परंतु आणखी एक कागद असा आहे कीं, त्यांत आपलें नांव आहे कीं नाहीं हें तो पांच पांच वर्षें पाहत नाहीं. आणि पाहतो तें निवडणूक जाहीर झाल्यावर, म्हणजे पाहून कांहीं उपयोग उरलेला नसतांना. तो कागद म्हणजे मतदारांची यादी. खर्डीच्या आसपासच्या व एकंदर शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील शेतकरी बंधूंकरितां या यादीचा कायदा व वहिवाट साध्या शब्दांत मांडण्याचें योजिलें आहे. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनीवर गेली असल्यामुळें मांडणीला दप्तराचा वास येईल, त्यास इलाज नाहीं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ग्रामपंचायतीची मतदारयादी म्हणून कांहीं निराळी यादी घरोघर फिरून तयार होत असते, अशी पुष्कळांची समजूत आहे. तशी यादी मुळींच नाहीं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या १२ व्या कलमान्वयें, राज्य निवडणूक आयोगानें ठरवून दिलेल्या दिवशीं विधानसभेची जी यादी अंमलांत असेल तीच घ्यावयाची व तिचे प्रभागवार भाग पाडावयाचे, एवढेंच काम तहसील कचेरींत होतें. जिल्हा परिषद व पंचायत समिति यांच्या निवडणुकींतहि रीत हीच. विधानसभेची यादी भारताच्या निवडणूक आयोगाची, आणि गांवची निवडणूक १९९४ सालीं स्थापन झालेल्या राज्य निवडणूक आयोगाची. घरें दोन, परंतु पीठ एकाच जात्यावरचें.

याचा परिणाम काय होतो तो पाहावा. प्रभागाची प्रारूप यादी प्रसिद्ध होते, हरकतींस थोडे दिवस मिळतात, आणि मग गांवांत एकच धांवपळ सुरू होते. परंतु त्या हरकतींत लेखनाची चूक, भलत्याच प्रभागांत गेलेलें नांव, किंवा विधानसभेच्या यादींत असूनहि येथें उतरावयाचें राहिलेलें नांव, एवढ्याच गोष्टी दुरुस्त होतात. विधानसभेच्या यादींत जें नांव नाहीं तें या पायरीवर कोणासहि घालतां येत नाहीं. तहसीलदार साहेबांसहि नाहीं. २०२५ सालीं राज्यांत रखडलेल्या स्थानिक निवडणुका घेण्याचें ठरलें तेव्हां १ जुलै २०२५ ची यादी धरण्यांत आली. त्यानंतर ज्यानें अर्ज दिला त्याचें नांव विधानसभेच्या यादींत यथाकाल चढलें असेल, परंतु त्या निवडणुकींत त्याला मत नव्हतें. पंचायतीची निवडणूक मतपेटीशीं होते असें आपण म्हणतों. तिचा अर्धा निकाल त्यापूर्वींच, कोणी पाहत नसतांना, यादींत लागलेला असतो.

हें अतिशयोक्तीनें म्हटलेलें नाहीं. ग्रामपंचायतीचे सभासद लोकसंख्येप्रमाणें सातपासून सतरापर्यंत असतात व गांव प्रभागांत वांटलेला असतो. एकेका प्रभागांत मतदार कांहींशेंच. तेथें पांच मतांनीं, दोन मतांनीं, एका मतानें निकाल लागतात, आणि मतें समसमान पडल्यास चिठ्ठी काढून विजयी उमेदवार ठरवितात. एका भावकींतील चार नांवें यादींतून गळलीं कीं, पांच वर्षांचा कारभार या घरचा त्या घरीं जातो.

एका निवडणुकीच्या वेळीं एक सधन खातेदार हातांत पिशवी घेऊन माझ्या टेबलाशीं आले. पिशवींतून त्यांनीं सातबारा काढला, आठ-अ काढला, घरपट्टीच्या पावत्या काढल्या, सोसायटीचें भागपत्र काढलें, आणि म्हणाले, "भाऊसाहेब, गांवांत माझ्याइतका जुना खातेदार नाहीं. आणि यादींत माझें नांव नाहीं, हें कसें?" चौकशी करतां असें निघालें कीं, मुलांच्या शिक्षणासाठीं ते कल्याणास बिऱ्हाड करून राहिले होते व त्यांनीं स्वतःच तेथें नांव बदलून घेतलें होतें. मीं त्यांस सांगितलें, "काका, या पिशवींतला एकहि कागद मताचा नाहीं." त्यांस तें पटलें नाहीं; ते रागावूनच गेले.

त्यांचा राग समजण्यासारखा आहे, कारण जमीन म्हणजे मत हा समज आमच्या वाडवडिलांपासून चालत आलेला आहे व एके काळीं तो खराहि होता. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलाकरितां ग्रामीण भागांत जी मतदारी मिळाली ती शेतसाऱ्यावर मिळाली. ठाणें धरून बहुतेक जिल्ह्यांत वर्षाला ३२ रुपये आकाराची जमीन धारण करणाऱ्यास मत असे. रत्नागिरी व पंचमहाल येथें ही मर्यादा १६ रुपयांची होती. आमच्या तालुक्यांतील वरकस जमिनीचा आकार एकरीं आण्यांत मोजला जात असे. डोंगरउतारावर नाचणी-वरी करणाऱ्याचा आकार ३२ रुपये कोठून व्हावा? अर्थात् मत सावकार, खोत-इनामदार व मोठा भातखाचरवाला यांचे पदरीं राहिलें. १९३५ च्या कायद्यानें ही मर्यादा ८ रुपयांवर आणली, तेव्हां मध्यम कुणबी व आगरी शेतकरी यादींत आला. तरीहि ठाकूर, कातकरी व गडीमाणूस बहुतांशीं बाहेरच राहिले. त्या यादीचें मूळ तलाठ्याची खातेवही हेंच होतें, म्हणून खातेवही नीट असली कीं यादीहि नीट असे. पुढें राज्यघटनेनें १९५० पासून प्रत्येक प्रौढ माणसास मत दिलें, १९८९ सालीं वयाची मर्यादा २१ वरून १८ वर आली, आणि खातेवही व मतदारयादी यांचा संबंध कायमचा सुटला. कायदा बदलून पाऊणशें वर्षें झालीं. पिशवी मात्र तीच राहिली आहे.

आज मत मिळतें तें राहण्यावर. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० याच्या १९ व्या कलमाप्रमाणें वय पुरें असलेला व त्या मतदारसंघांत सर्वसाधारणपणें राहणारा नागरिक नांव दाखल करण्यास पात्र ठरतो. आणि २० वें कलम स्पष्ट सांगतें कीं, त्या ठिकाणीं केवळ राहतें घर मालकीचें किंवा ताब्यांत आहे एवढ्यावरून कोणी तेथील रहिवासी ठरत नाहीं. १७ व्या कलमानें दोन मतदारसंघांत नांव ठेवण्यास मनाई आहे. अर्जांत जाणूनबुजून खोटें लिहिल्यास ३१ व्या कलमाखालीं एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड अथवा दोन्ही होऊं शकतात.

येथें आमच्या वाचकांस थोडें कडू बोलणें प्राप्त आहे. खर्डी, आटगांव, आसनगांव हीं स्टेशनें लोकलगाडीच्या मार्गावर आहेत. घरटीं एखादा मुलगा कल्याण, डोंबिवली, ठाणें येथें नोकरीस आहे, व बरेच जण तेथेंच घर करून राहिले आहेत. त्यांचीं नांवें शहरांतहि आहेत आणि गांवांतहि आहेत, हें सर्वांस ठाऊक आहे. "पोरगा शिमग्याला येतो, गणपतीला येतो, जमीन त्याच्या नांवावर आहे, मग मत कां नसावें?" असें वडील माणसें विचारतात. रोज गाडीनें जाऊन रात्रीं घरीं परतणाऱ्या मुलाचा प्रश्नच नाहीं, तो गांवचाच. परंतु सणापुरता येणारा मुलगा कायद्यानें शहरचा मतदार आहे. २०२५ च्या निवडणुकांच्या वेळीं राज्य निवडणूक आयोगानें संशयित दुबार नांवांपुढें दोन ताऱ्यांची खूण करून, असा मनुष्य कोठें मत देणार हें लिहून घेण्याची व्यवस्था केली. ज्या गांवांत परगांवच्या श्रीमंतांनीं फार्महाऊसें बांधलीं आहेत तेथें हाच नियम आपल्या उपयोगीं पडतो, हेंहि ध्यानांत घ्यावें. शनिवार-रविवारीं येणारा बंगलेवाला गांवचा मतदार नव्हे म्हणून हरकत घ्यावयाची, आणि आपल्या कल्याणच्या चिरंजिवांचें नांव झांकून ठेवावयाचें, हे दोन्ही न्याय एका तोंडीं शोभत नाहींत.

आतां याच कलमाची दुसरी बाजू पाहूं. तीच माझ्या मतें अधिक महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडेच आमचें अत्यंत दुर्लक्ष झालें आहे.

भाताची कापणी-झोडणी आटोपली कीं आमच्या तालुक्यांतील कातकरी वाड्या व कित्येक ठाकूरपाडे ओस पडतात. दिवाळीच्या आगेंमागें वीटभट्टीवाल्याची उचल घेतलेलीं कुटुंबें भिवंडी, कल्याण, वसई या बाजूंस भट्ट्यांवर जातात आणि मृगाच्या तोंडावर परततात. हींच माणसें आपल्या खाचरांत आवणीला व कापणीला असतात. आतां यादीचें वेळापत्रक पाहावें. अलीकडील बऱ्याच वर्षीं विधानसभेच्या यादीच्या वार्षिक पुनरीक्षणांत मसुदा आश्विन-कार्तिकाच्या सुमारास निघाला आणि अंतिम यादी जानेवारींत, म्हणजे म्हशाच्या यात्रेच्या मागेंपुढें लागली. म्हणजे मसुदा पाहावयाच्या वेळीं खातेदार खळ्यावर, आणि मजूर भट्टीच्या वाटेवर. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बहुधा गांवची अंगणवाडी सेविका किंवा प्राथमिक शिक्षक, वाडीवर जातो तेव्हां झोंपडीला काटेरी झांप लावलेला असतो. तो शेजारीं विचारतो, "हीं माणसें कोठें आहेत?" शेजारी म्हणतो, "गेलीं." या एका शब्दावर स्थलांतरित असा शेरा पडण्याचा संभव असतो.

कायदा तसें म्हणत नाहीं. २० व्या कलमांतच पुढें असें आहे कीं, तात्पुरत्या गैरहजेरीमुळें मनुष्याचें सर्वसाधारण राहण्याचें ठिकाण सुटत नाहीं. सहा-सात महिने विटा पाडून ज्येष्ठांत आपल्या वाडीला परत येणारें कुटुंब त्या वाडीचेंच रहिवासी आहे. शिवाय कोणी गांव सोडून गेला या कारणावरून नांव कमी करावयाचें असेल तर त्यास आपलें म्हणणें मांडण्याची वाजवी संधि दिली पाहिजे, असें २२ वें कलम सांगतें. परंतु नोटीस काढली तरी ती बंद झांपावर चिकटते. तेव्हां खरा प्रश्न कायद्याचा नसून शेजाऱ्याच्या उत्तराचा आहे. आणि तो शेजारी पुष्कळदां आमचा वाचक असतो. "गेलीं" म्हणण्याऐवजीं "भट्टीवर गेलीं आहेत, पावसाआधीं येतात, दरसालचीं येथलींच आहेत" एवढें त्यानें सांगितलें व अधिकाऱ्यानें तें टिपून घेतलें, तर चार-पांच माणसांचें मत राहतें. कोणी म्हणेल, त्यांचीं मतें कोणीतरी मतदानाच्या दिवशीं टेंपो पाठवून आणवितो व आपल्या पदरांत पाडून घेतो, मग राहिलीं काय आणि गेलीं काय. हें म्हणणें मला अगदीं मान्य नाहीं. टेंपोंत बसून आलेला मनुष्य पडद्याआड एकटाच असतो. बटण कोणतें दाबावें हें टेंपोवाला त्याच्या हातांत शिरून ठरवूं शकत नाहीं.

स्त्रियांच्या नांवांचाहि थोडा विचार केला पाहिजे. स्वतंत्र भारताची पहिली मतदारयादी होत असतां, अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेंच सांगून स्वतःचें नांव न सांगणाऱ्या सुमारें २८ लक्ष स्त्रियांचीं नांवें, बहुतेक उत्तरेकडील प्रांतांतलीं, यादींतून काढावीं लागलीं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं याबाबतींत सवलत न देण्याचें धोरण ठेवलें. आमच्याकडे आतां तसा संकोच राहिलेला नाहीं. परंतु लग्न होऊन आलेल्या सुनेचें नांव माहेरच्या यादींत तसेंच राहतें, सासरीं चढत नाहीं, आणि ती माहेरची मतदार असूनहि एकीकडेहि मत देत नाहीं. वारसनोंदीला जो तत्परतेनें जातो त्यानें सुनेच्या ८ नंबरच्या अर्जाला आळस करावा याचें नवल वाटतें.

कित्येक खातेदार असें म्हणतात कीं, शहापूर तालुका सबंध व मुरबाडचीं कांहीं गांवें अनुसूचित क्षेत्रांत असल्यामुळें तेथील सरपंचपद अनुसूचित जमातींस राखीव आहे. मग आम्हांस या यादीशीं काय कर्तव्य? त्यांस उत्तर असें कीं, मतदारयादी ही केवळ निवडणुकीची यादी नव्हे. ग्रामसभा म्हणजे तरी कोण? गांवच्या मतदारयादींत ज्यांचीं नांवें आहेत त्या सर्वांची मिळून ग्रामसभा. यादींत नांव नसेल तर तो मनुष्य ग्रामसभेचा सभासदच नव्हे. आणि १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेस व पंचायतीस जे अधिकार मिळाले ते थोडे नाहींत: भूसंपादनापूर्वीं सल्लामसलत, गौण खनिजाविषयीं शिफारस, लहान जलाशयांचा बंदोबस्त, सावकारीवर नियंत्रण. ज्या तालुक्यांतून समृद्धि महामार्ग गेला, ज्या तालुक्यांत तानसा व भातसा हीं मुंबईस पाणी पाजणारीं धरणें आहेत आणि तरीहि ज्याच्या पाड्यांना चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहावी लागते, तेथें हे अधिकार कागदावर राहतात कीं अंमलांत येतात हें सभेंत हात वर करणाऱ्यांवर अवलंबून आहे. सरपंच होतां येत नाहीं म्हणून मतहि नको, हें म्हणजे गाडीवान होतां येत नाहीं म्हणून बैल विकण्यासारखें झालें.

जिल्हा परिषदेचें उदाहरण निराळ्या प्रकारचें आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा झाला, आणि उरलेल्या ठाणें जिल्ह्याच्या परिषदेची निवडणूक १३ डिसेंबर २०१७ रोजीं झाली. मधलीं तीन वर्षें लोकनियुक्त सभासदांवांचून गेलीं. त्या मंडळाची मुदत संपल्यावर पुन्हां प्रशासक आला. इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांच्या वादामुळें राज्यभरच्या निवडणुका अडल्या होत्या, आणि ६ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या चार महिन्यांत घेण्याचा हुकूम दिला, तरी मुदत पुढें वाढवून द्यावी लागली. अशा लांबणीचा एक दुष्परिणाम असा कीं, लोक यादी विसरतात; आणि एकाएकीं तारीख जाहीर झाली कीं यादीचा दिवस मागेंच उलटून गेलेला असतो.

आतां करावयाचें काय तें सांगतों. नव्या नांवाला ६ नंबरचा अर्ज. पत्ता बदलणें किंवा नांव-वय दुरुस्त करणें यास ८ नंबरचा. नांव कमी करण्यास किंवा एखाद्या नांवास हरकत घेण्यास ७ नंबरचा, आणि तो त्याच मतदारसंघाच्या मतदारानेंच द्यावयाचा. पूर्वीं १ जानेवारीस १८ वर्षें पुरीं झालेल्यासच त्या वर्षीं संधि असे. ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या आहेत, आणि सतरा वर्षें उलटलेल्या मुलामुलींस आगाऊ अर्ज देतां येतो. मुलगा अकरावी-बारावींत असतांनाच हें काम उरकून टाकावें. अर्ज फेटाळला गेल्यास पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे व तेथेंहि दाद न लागल्यास पुढें तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील चालतें. फेटाळल्याचा हुकूम लेखी मागावा. तोंडी नकारावर अपील करणें अवघड जातें.

जुन्या यादीची प्रत जपून ठेवण्याची संवय मात्र आम्हांस नाहीं, ती लावून घ्यावी. बिहार प्रांतांत २०२५ सालीं यादीचें विशेष सखोल पुनरीक्षण झालें तेव्हां २००३ सालच्या यादींत ज्याचें नांव होतें त्याचें काम सोपें झालें, आणि ज्याचें नव्हतें त्यास कागद शोधीत फिरावें लागलें. १ ऑगस्टच्या मसुद्यांत सुमारें ६५ लक्ष नांवें नव्हतीं. तीं कोणतीं व कां वगळलीं हें कारणांसह प्रसिद्ध करण्यास सर्वोच्च न्यायालयास १४ ऑगस्ट रोजीं सांगावें लागलें. जुना फेरफार जसा आपण पत्र्याच्या पेटींत ठेवतों, तसाच आपल्या भागाच्या यादीचा, आपलें नांव असलेला कागद घरोघरीं असावा.

मसुदा यादीचें वाचन ग्रामसभेंत करावें अशी सूचना निवडणूक आयोगाकडून होत आलेली आहे. प्रत्यक्षांत तें वाचन फारसें होत नाहीं, आणि झालें तर घाईनें होतें. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला भातें अद्याप उभीं असतात व भट्टीचीं कुटुंबेंहि अजून वाडीवरच असतात. यादी वाचून घेण्यास वर्षांतील याहून बरा दिवस नाहीं. त्या दिवशीं मसुदा निघालेला नसला तरी मागील अंतिम यादी असतेच. पंचायतीच्या कारभाऱ्यांस आठ दिवस आधीं सांगून ठेवावें, वाडीवरील दोघां जाणत्यांस मुद्दाम बोलवावें, आणि पाड्यापाड्यानें नांवें वाचावीं. मेलेल्यांचीं, दुबार झालेलीं व राहून गेलेलीं नांवें वेगवेगळ्या कागदांवर टिपून, ज्याचे त्याचे अर्ज तेथेंच भरून केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या हातीं द्यावेत व प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. भट्टीवर जाणाऱ्यांच्या पोचपावत्या त्यांच्यापाशीं गहाळ होतात. त्यांचे क्रमांक कोणा तरी खातेदारानें आपल्या वहींत उतरून ठेवावेत, म्हणजे पौषांत अंतिम यादी लागली कीं एकेक नांव ताडून पाहतां येतें.